मदत हवी आहे: शिलालेख आणि वीरगळांच्या फोटोंसाठी कॅनन आर५० की निकॉन झेड३०?

नमस्कार मंडळी,

पहिलाच कॅमेरा घेतोय. इतकी वर्षं मोबाइलवर भागवलं, आता भागत नाही. दोन नावांवर येऊन गाडी अडली आहे: कॅनन ईओएस आर५० आणि निकॉन झेड३०. किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स) सत्तर हजारांच्या आत बसवायचं आहे. "अजून वीस हजार टाका आणि झेड५०-२ घ्या" असं कृपया कुणी सुचवू नका. घरात आकडा मंजूर करून घेतलाय, ती फाइल पुन्हा उघडायला मी धजत नाही.

काम काय आहे ते नीट सांगतो, कारण यूट्यूबवर या दोन्ही कॅमेऱ्यांची तुलना करणारे सगळे स्वतःचा चेहरा कसा दिसतो एवढंच दाखवतात. मी अंबाजोगाईचा. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघंतिघं मोटारसायकलवर निघतो आणि आसपासच्या गावांतले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचे कोरीव दगड), गद्धेगाळ (गाढवाचं चित्र असलेले शापाचे दगड), देवळांतले लेख यांचे फोटो काढून नोंदी ठेवतो. चारठाणा, धारासूर, होट्टल, निलंगा, माणकेश्वर असा आमचा पट्टा. लेख वाचून देणारे एक जाणकार आहेत, त्यांना फोटो पाठवतो. त्यांची तक्रार अशी की मोबाइलचा फोटो बघायला छान असतो, पण वाचायला बेभरवशाचा. मोबाइल दगडाचा खरखरीतपणा स्वतःच्या अकलेनं गुळगुळीत करतो आणि कडा जास्तीच्या उठावदार करतो. मग तो मात्रा आहे की टवका, हे कळत नाही. म्हणून रॉ फोटो, म्हणजे यंत्रानं काही न सुधारलेला मूळ फोटो, देणारा कॅमेरा पाहिजे.

माझ्या वाचनात आलेला फरक असा. आर५० मध्ये डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर आहे, छोटा फ्लॅश आहे, २४.२ मेगापिक्सेल आहेत. झेड३० मध्ये व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, २०.९ मेगापिक्सेल आहेत. एवढ्यावर आर५० उघडच पुढे. पण एका ठिकाणी वाचलं की आर५० च्या डोक्यावरच्या शूमध्ये (फ्लॅश बसवायची खाच) जुन्या पद्धतीचे पॉइंटच नाहीत, त्यामुळे साधा फ्लॅश किंवा ट्रिगर (लांबचा फ्लॅश उडवणारं यंत्र) त्यावर चालत नाही. आणि मला तर दगडावर बाजूनं उजेड पाडण्यासाठी कॅमेऱ्यापासून लांब धरलेला फ्लॅश लागणार. हे खरं आहे का? खरं असेल तर आर५० बादच करू का?

जाता जाता: मला चष्मा आहे. गावात कॅमेऱ्याचं दुकान नाही, बघायला छत्रपती संभाजीनगरला जावं लागेल. व्हिडिओत रस नाही.

प्रतिसाद: स्टुडिओवाला_लातूर

शूचं वाचलं ते खरं आहे दादा. आर५० वर कॅननचा नवा मल्टिफंक्शन शू आहे आणि मधला गोल पॉइंट काढून टाकलाय. जुना स्पीडलाइट (कॅननचा वरून लावायचा फ्लॅश) किंवा बाजारातला नेहमीचा ट्रिगर लावायचा तर कॅननचं एडी-ई१ नावाचं अडॅप्टर वेगळं घ्यावं लागतं. झेड३० वर साधा शू आहे, दोन-तीन हजारांचा ट्रिगर लावला की फ्लॅश उडाला. लग्नांचे फोटो काढणाऱ्या आमच्या पोरांनी म्हणूनच आर५० ला हात लावला नाही.

अडॅप्टर टाळायचं असेल तर एक जुगाड आहे. बाजूच्या फ्लॅशला ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशची चमक दिसली की आपोआप उडायची सोय) असेल तर आर५० चा छोटा फ्लॅश त्याला उडवतो. पण मोड एस२ ठेवा. एस१ वर ठेवला तर कॅमेऱ्याच्या आधीच्या मोजमापाच्या चमकेलाच तो उडून मोकळा होतो. भर उन्हात मात्र स्लेव्हला ती चमक दिसतेच असं नाही.

फ्लॅशशिवायचं बोलायचं तर झेड३० ला पुढंमागं दोन डायल आहेत. शटर एका बोटानं, ॲपर्चर (लेन्सचं लहानमोठं होणारं भोक) दुसऱ्या बोटानं. आर५० ला एकच डायल. मॅन्युअलवर काम करणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. पकडही निकॉनची भरीव आहे.

प्रतिसाद: चष्मेबहाद्दर

मी झेड३० वापरतो, त्यामुळे त्याची बाजू घ्यायला पाहिजे, पण घेत नाही. एप्रिल-मे महिन्यात बाराच्या उन्हात त्याच्या स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही. डोक्यावरून उपरणं ओढून आत मान घालायची, घाम गाळायचा आणि फोकस नेमका कुठं बसला हे घरी आल्यावर कळायचं. वर जवळचा चष्मा वेगळा असेल तर तो चढवा, उतरवा. व्ह्यूफाइंडरला डायॉप्टरचं चाक असतं, आपल्या नंबराला जुळवून घेता येतं.

तुम्ही उघड्यावरचे वीरगळ काढणार. पारावर, वेशीवर, ओढ्याकाठी. मराठवाड्यात सावली शोधून दगड उभे केलेले नाहीत कुणी.

मेगापिक्सेलवर जाऊ नका. आर५० ची रुंदी ६००० पिक्सेल, झेड३० ची ५५६८, म्हणजे रुंदीत जेमतेम आठ टक्के. दोन पावलं पुढं गेलात की भरून निघतं.

प्रतिसाद: शिळा_आणि_शाई

धागा फ्लॅशभोवती फिरतोय, म्हणून लिहितो. लेखाच्या फोटोला फ्लॅश लागतोच असं नाही. तिरपा उजेड लागतो, तो कशानंही पाडा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, लेखाच्या बरोबर समोर, दगडाला समांतर. आयएसओ (उजेडाला सेन्सर किती तिखट, ते) १००, ॲपर्चर एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम रोखणारी सोय) बंद. गाभाऱ्यात किंवा मंडपात अंधार असतोच, त्याचा फायदा घ्या. शटर आठ-दहा सेकंद उघडं ठेवा आणि हातातली साधी एलईडी बॅटरी दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासेल अशी बाजूनं धरा. अक्षरं खोल असोत की झिजलेली, सावली धरतात.

आता मुख्य गोष्ट. एका बाजूनं उजेड टाकून थांबू नका. डावीकडून उजेड आला की उभ्या रेघा उठतात, म्हणजे काने आणि दंड. शिरोरेषा आडवी, ती उजेडाच्याच दिशेत पडते आणि बुजते. वरून टाकला की शिरोरेषा उठते आणि काने बुजतात. म्हणून कॅमेरा न हलवता किमान तीन फोटो: डावीकडून, उजवीकडून, वरून. तिन्ही शेजारी ठेवून वाचले की तुमच्या जाणकारांचा मात्रा-टवक्याचा वाद बराचसा मिटेल. टवक्याची सावली दिशा बदलली की वेडीवाकडी सरकते, छिन्नीच्या खाचेची सरळ पलटते.

आपला दगड काळा बेसाल्ट. त्यावर तेल, शेंदूर बसलेला असेल तर समोरून मारलेला फ्लॅश पांढरा डाग होऊन परत येतो. त्यापेक्षा बॅटरी परवडली. आणि काही हौशी लोक अक्षरांत खडू किंवा पीठ भरतात, ते कृपा करून कुणी करू नका. दगडाचं नुकसान होतंच, शिवाय भरणाऱ्यानं जे वाचलं तेच फोटोत दिसतं.

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या जागी ट्रायपॉडला परवानगी लागते. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. गावातल्या देवळात पुजारी आणि दोन म्हातारी माणसं यांना विचारलं की काम होतं, उलट चहा मिळतो.

प्रतिसाद: धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. शिरोरेषेचं वाचून जुने फोटो काढून बघितले. एका गद्धेगाळीवरच्या ओळी आम्ही सकाळच्या उन्हात घेतल्या होत्या, त्यात खरंच काने तेवढे दिसताहेत, वरची रेघ गायब.

म्हणजे ट्रायपॉड आणि बॅटरी असेल तर शूचा मुद्दा निकालात निघतो आणि दोन्ही कॅमेरे सारखेच, असं समजू का? मग उरतं ते ऊन आणि चष्मा, आणि तिथं आर५०. पण लेन्सचं काय? होट्टलसारख्या ठिकाणी मंडपात मागं सरकायला जागा नसते, पाठ खांबाला टेकलेली असते.

प्रतिसाद: स्टुडिओवाला_लातूर

तिथं निकॉन थोडा पुढं आहे. त्याची किट लेन्स १६-५० मिमी, गुणिले दीड, म्हणजे जुन्या फिल्मच्या हिशेबानं २४ पासून सुरू; आकडा जितका लहान तितकं रुंद दिसतं. कॅननची १८-४५, गुणिले १.६, म्हणजे २९ च्या जवळ. कागदावर पाचाचा फरक, पण खांबाला पाठ टेकली की तो फरक चांगलाच दिसतो. अर्थात लेखासाठी तुम्ही एवढं रुंद वापरणारच नाही, कडांना अक्षरं ताणली जातात. रुंद लागतं ते छत, द्वारशाखा (दाराची कोरीव चौकट), पूर्ण मंडप घ्यायला. त्यासाठी कॅननची आरएफ-एस १०-१८ आहे, निकॉनची १२-२८ आहे. दोन्ही पुढच्या दिवाळीला घ्यायच्या.

पूर्वी कॅननच्या छोट्या सेन्सरसाठी लेन्सच नाहीत अशी ओरड होती. २०२४ पासून सिग्मा कंपनीच्या लेन्स आरएफ माउंटला (कॅननची लेन्स बसवायची पद्धत) येऊ लागल्या, १८-५० एफ २.८ त्यात आहे. त्यामुळे ती ओरड आता जुनी झाली. ओळखीत कुणाकडं जुन्या लेन्स पडल्यात का तेही बघा. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर५० वर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनला एफटीझेड अडॅप्टर आहे, पण स्क्रूवाल्या जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस त्यावर चालत नाही. हातानं फिरवा.

दोन्हीला कार्डाचा एकच स्लॉट. घरी आलं की त्याच रात्री कॉपी करून घ्यायची. चार्जिंग दोन्हीत टाइप-सीवरून होतं, फक्त कॅननसाठी पॉवर बँक पीडीवाली (पॉवर डिलिव्हरी लिहिलेली) बघून घ्या, साधीवर तो नखरे करतो. बॅटरी एक जास्तीची घ्याच, छोट्या बॉडीतली बॅटरीही छोटीच असते. आणि शेतातल्या वाऱ्यात लेन्स बदलू नका, काळ्या रानातली धूळ सेन्सरवर बसली की आकाशात ठिपके येतात. रबरी ब्लोअर शंभर-दीडशेला मिळतो, तोंडानं फुंकू नका.

प्रतिसाद: चष्मेबहाद्दर

दुकानात जाल तेव्हा कॅमेरा काउंटरवर बघू नका. बाहेर रस्त्यावर उन्हात घेऊन जातो म्हणा, हवं तर दुकानातला पोरगा सोबत येऊ दे. चष्मा लावून आर५० च्या व्ह्यूफाइंडरमधून चारही कोपरे दिसतात का बघा. दिसले तर तिथंच विषय संपला. नाही दिसले आणि स्क्रीनवरच काम करायचं असेल, तर निकॉन घ्या, दोन डायल आणि २४ चा कोन तरी पदरात पडेल. बिल जीएसटीचं पक्कं घ्या, वॉरंटी भारतातली आहे का विचारा. मागं एका दुकानदारानं मला "बिलाशिवाय चार हजार कमी" म्हणून बाहेरचा माल दाखवला होता.

प्रतिसाद: शिळा_आणि_शाई

उन्हातल्या दगडांचं राहिलं. उन्हाळ्यात उभ्या दगडावर बारा-एकच्या सुमाराला वरून घासत ऊन येतं. बाकीचे फोटोग्राफर त्या वेळी जेवायला जातात, लेखवाल्यानं तेव्हाच कामाला लागावं, शिरोरेषा काय सुंदर उठते. उत्तरेकडं तोंड असलेल्या दगडाला मात्र थंडीभर ऊन लागतच नाही. तिथं आरसा. शेजारच्या घरातून हातभर आरसा मागून घ्या, एकानं उन्हात उभं राहून कवडसा बाजूनं दगडावर फेकायचा. वेरूळला अंधाऱ्या लेण्यांत असंच ऊन आत फेकून मूर्ती दाखवतात. त्या कवडशापुढं बाजारातला फ्लॅश काही नाही. एक्सपोजर कवडशावर मोजा, नाहीतर अक्षरं पांढरी फट्ट होतील.

प्रतिसाद: धागाकर्ता

हे झकास. शनिवारी संभाजीनगरला जातोय, कल आर५० कडे आहे, चार कोपरे बघून ठरवतो. ट्रायपॉड मात्र आधी घेणार. आरसा मोटारसायकलवर नेणं अवघड आहे, आमचे रस्ते बघितलेत का? स्टीलचं ताट चालेल का?

प्रतिसाद: शिळा_आणि_शाई

ताटाचा उजेड पसरतो, कडक सावली पडत नाही. दाढीचा छोटा आरसा घ्या, टॉवेलात गुंडाळून डिकीत बसतो. वीरगळीचा एकेक कप्पा उजळायला तेवढा पुरतो.