दिवा-सावंतवाडी पॅसेंजर, विन्हेऱ्याचा थांबा आणि कोकण रेल्वेचा अधिकार नेमका कुठपर्यंत?

विन्हेरे_कळवा यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो आणि आमचे सासरचे गाव महाड तालुक्यात, विन्हेरे स्थानकापासून थोडे आत आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिने चढणे अवघड झाले आहे आणि महामार्गावरचा एसटीचा लांब प्रवासही त्यांना आता सोसत नाही. तरीही शिमगा, गणपती, भातलावणी यांपैकी काहीही आले की गावी जाण्याचा त्यांचा आग्रह असतो आणि तो मोडावा असे घरात कोणालाच वाटत नाही.

विन्हेऱ्याला मोठ्या एक्सप्रेस गाड्या थांबत नाहीत. आमचा सगळा भरवसा दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी आणि रत्नागिरी या दोन पॅसेंजर गाड्यांवर आहे. त्यामुळे दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, वयस्कर माणसाला घेऊन जाताना गाडी दिव्याला धरावी की पनवेलला? दुसरी, गावातल्या मंडळींना थांबा, फलाट आणि गाडी सुटण्याचे ठिकाण याबद्दल निवेदन द्यायचे आहे, पण ते बेलापूरच्या कोकण रेल्वे मुख्यालयात द्यायचे की मध्य रेल्वेकडे, यावर आमच्या वाडीच्या बैठकीत एकमत झाले नाही. ज्यांना या कारभाराची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खारघर_ते_खेड यांचे उत्तर

नमस्कार ताई. पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

बसायला जागा हवी असेल तर दिवाच. दोन्ही पॅसेंजर तिथून रिकाम्या सुटतात आणि पनवेलला पोहोचेपर्यंत सर्वसाधारण डब्यांतल्या खिडक्याच काय, आतल्या जागाही बहुधा भरलेल्या असतात. सणासुदीला तर पनवेलला चढलेल्या माणसाने रोह्यापर्यंत उभे राहण्याची तयारी ठेवावी. कळव्याहून दिवा धीम्या लोकलने दोनच स्थानके आहे, त्यामुळे अंतराचा त्रास नाही. त्रास आहे तो फलाट बदलण्याचा. म्हणून गाडीच्या वेळेपेक्षा बरेच आधी पोहोचावे, सामान दुसऱ्या कोणाकडे द्यावे आणि सासूबाईंना कोणाचाही धक्का न लागता सावकाश पूल ओलांडू द्यावा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने पनवेल गाठणे आरामाचे वाटते खरे, पण तिथेही लोकलच्या फलाटावरून लांब पल्ल्याच्या गाडीच्या फलाटावर जावे लागतेच.

आणखी एक पर्याय सुचवतो. सकाळची मांडवी एक्सप्रेस ठाण्याला थांबते आणि पुढे खेडलाही थांबते. ठाणे ते खेड आरक्षित तिकीट काढावे, ज्येष्ठ महिलांना खालचा बर्थ मिळण्याची सोय त्यात असते, आणि खेडहून विन्हेऱ्याला गाडी करून मागे यावे. पैसे जास्त जातात, मात्र गुडघे दुखणाऱ्या माणसाला गर्दीत चढावे लागत नाही. आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते, त्यामुळे गणपतीची तारीख बघून दिवस आत्ताच मोजून ठेवा. तुतारी एक्सप्रेस विन्हेऱ्याच्या अलीकडे वीरला थांबते, पण ती मध्यरात्री दादरहून निघते आणि वीरला अंधारात उतरावे लागते. वयस्कर माणसाबरोबर ते मला पसंत नाही.

बेलापूर_सेक्टर११ यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या बाबतीत गावोगावी गैरसमज आहेत आणि त्यापायी चांगली निवेदने चुकीच्या टेबलावर पडून राहतात.

कोकण रेल्वे हा मध्य किंवा पश्चिम रेल्वेसारखा भारतीय रेल्वेचा विभाग नाही. ती १९९० मध्ये स्थापन झालेली कंपनी आहे. तिच्या भागभांडवलात केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के आहे. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री असताना हा निर्णय झाला, ई. श्रीधरन कंपनीचे पहिले अध्यक्ष झाले आणि कर्जरोखे काढून उभारलेल्या पैशांतून सह्याद्रीच्या कुशीत जवळपास ७४० किलोमीटरचा मार्ग बांधला गेला. २६ जानेवारी १९९८ पासून तो सलग सुरू आहे. कोकणातल्या माणसाला या कंपनीबद्दल जी आपुलकी वाटते ती या इतिहासामुळे, आणि ती मलाही आहे.

परंतु या कंपनीची हद्द रोह्यानंतर सुरू होते आणि मंगळूरूच्या अलीकडे ठोकूरला संपते. दिवा, पनवेल, पेण, नागोठणे आणि खुद्द रोहा हे सगळे मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात येते. म्हणजे तुम्ही दिव्याला गाडीत बसून विन्हेऱ्याला उतरता तेव्हा निम्म्याहून अधिक प्रवास मध्य रेल्वेच्या रुळांवरून झालेला असतो, आणि गाडी कुठून सोडायची, तिला कोणता फलाट द्यायचा, लोकलच्या गर्दीतून तिला वाट कधी मिळणार हे ठरवण्याचा अधिकार बेलापूर भवनाकडे, म्हणजे कोकण रेल्वेच्या मुख्यालयाकडे, नाही.

तेव्हा निवेदनाचे भाग करा. विन्हेरे स्थानकाच्या फलाटाची उंची, निवारा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, रात्रीचे दिवे हे विषय कोकण रेल्वेचे आहेत. ते बेलापूरच्या मुख्यालयाला आणि रत्नागिरीच्या क्षेत्रीय कार्यालयाला उद्देशून लिहावेत. पॅसेंजर दिव्याऐवजी आणखी अलीकडून सोडावी ही मागणी मध्य रेल्वेकडे आणि रेल्वे मंडळाकडे करावी. एखाद्या एक्सप्रेसला नवा थांबा हवा असेल तर शेवटचा निर्णय रेल्वे मंडळाचाच असतो, आणि तिथे प्रवासीसंख्या विचारली जाते. म्हणून विन्हेऱ्याला जाताना तिकीट विन्हेऱ्यापर्यंतचेच काढा. बरेच लोक सोयीसाठी पुढच्या मोठ्या स्थानकाचे काढतात आणि आपल्याच स्थानकाचा आकडा कमी करून ठेवतात.

दिवा_पूर्व यांचे उत्तर

बेलापूरच्या दादांनी हद्द फार नीट समजावली. गाडी सुटण्याच्या ठिकाणाबद्दल मला एक भर घालायची आहे.

रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटत असे. करोनानंतर ती पुन्हा सुरू झाली तेव्हापासून दिव्यापर्यंतच येते. दादर, परळ, लालबाग, घाटकोपर, भांडुप इथल्या चाकरमान्यांची ती गाडी होती; आज त्यांना सामानसुमान, तांदळाच्या पिशव्या आणि लहान मुले घेऊन आधी लोकलने दिवा गाठावे लागते. दिवा हे आधीच अतिशय दाटीचे स्थानक आहे, तिथे फाटकामुळे लोकल अडकतात, आणि त्यात गावी निघालेल्या कुटुंबांची भर पडते. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्यांना लोकलपासून वेगळी वाट मिळाली. मग ही गाडी पुन्हा दादरला नेण्यात अडचण कोणती, हे प्रवाशांना आकडेवारीसह सांगितले गेले पाहिजे. नव्या वेगवान गाड्यांचे स्वागतच आहे. वंदे भारत २०२३ पासून ठाण्याला थांबते आणि तीही कोकणाचीच गाडी आहे. पण ठाण्यानंतर पनवेल, आणि पनवेलनंतर थेट खेड असे तिचे थांबे आहेत. माणगाव, वीर, विन्हेरे, दिवाणखवटी या सगळ्या पट्ट्याला तिचा काही उपयोग नाही.

डोंबिवलीचा_सिग्नल यांचे उत्तर

दिवा पूर्वच्या ताईंची मागणी रास्त आहे, पण ती दादरवर अडून राहिली तर पुढे सरकणार नाही, असे मला वाटते. पाचवी-सहावी मार्गिका कुर्ल्यापर्यंत आहे. तिथून पुढे मुंबईकडे ती पूर्ण झालेली नाही आणि कुर्ला ते दादर या टप्प्यात पॅसेंजरला लोकलच्याच रुळांवर यावे लागते. त्याऐवजी लोकमान्य टिळक टर्मिनसहून गाडी सोडा अशी मागणी केली तर उत्तर देणाऱ्याला मार्गिकेचे कारण पुढे करता येणार नाही, आणि गाडी ठाण्याला थांबली की कळवा, मुलुंड, भांडुपच्या लोकांचा दिव्याचा फेरा वाचेल.

मात्र खरी कोंडी रोह्याच्या पुढे आहे. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे मार्ग एकेरी आहे आणि विन्हेरे त्या एकेरी भागात येते. ज्यांनी पॅसेंजरने प्रवास केला आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. करंजाडीला गाडी बाजूच्या मार्गिकेत घेतात, इंजिनाचा आवाज बसतो, लोक खाली उतरून पाय मोकळे करतात. स्टेशन मास्तर झेंडा घेऊन बाहेर येतो, समोरून एक्सप्रेस धडधडत निघून जाते, सगळे लगबगीने डब्यात चढतात, आणि तरीही सिग्नल पडत नाही, कारण मागून आणखी एक वेगवान गाडी येत असते आणि तिलाही आधी सोडायचे असते. या मार्गावर प्रत्येक नवी एक्सप्रेस वाढली की पॅसेंजरच्या वाट्याला आणखी एक क्रॉसिंग येते. विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, त्यामुळे डिझेल सुटले आणि मेमू, म्हणजे विजेवर चालणाऱ्या लोकलसारख्या गाड्या, चालवता येऊ लागल्या. गणपतीत चिपळूणपर्यंत त्या सोडल्याही गेल्या. पण विजेने रुळांची संख्या वाढत नाही. वीरपासून पुढे टप्प्याटप्प्याने दुहेरीकरण झाल्याशिवाय रोजची दिवा-चिपळूण मेमू वेळेवर धावणे कठीण आहे.

आणि दुहेरीकरणाला पैसा लागतो. कर्ज काढून मार्ग बांधलेली ही कंपनी आजवर बरीचशी स्वतःच्या कमाईवर चालत आली, केंद्राच्या अर्थसंकल्पातून रेल्वेच्या विभागांना मिळते तशी तरतूद तिला सहज मिळत नाही. म्हणूनच भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी जोर धरते आहे. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये त्याला संमती दिली आणि 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे अशी अट घातली. मी या विलीनीकरणाच्या बाजूचा आहे.

बेलापूर_सेक्टर११ यांचे उत्तर

दादा, पैशाचा मुद्दा मान्य आहे. माझी काळजी वेगळी आहे. आज दरड कोसळली, गाडी अडकली, तर रुळांची, बोगद्यांची आणि डोंगरउतारांची जबाबदारी एकाच कंपनीकडे आहे आणि ती कंपनी फक्त याच मार्गाचा विचार करते. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ पावसाळ्यात मोठे अपघात झाले. त्यानंतर उतार बांधून काढणे, जाळ्या लावणे, पावसात रात्रंदिवस गस्त घालणे आणि स्वतंत्र पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी ठेवणे ही शिस्त याच मंडळींनी बसवली. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ बोगद्याच्या तोंडाशी माती आली आणि वाहतूक बंद पडली, तेव्हाही धोका ओळखून गाड्या आधीच थांबवल्या गेल्या. पावसाळ्यात पॅसेंजरला उशीर होतो म्हणून आपण चिडतो, पण तो कमी वेग माणसांच्या जिवासाठी आहे.

विलीनीकरण झाले तर हा मार्ग एकाच विभागाखाली सलग राहावा आणि मुख्यालय इथेच असावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. तो तोडून थोडा मध्य रेल्वेला आणि थोडा दक्षिणेकडच्या विभागांना जोडला, तर विन्हेऱ्याच्या फलाटाची आठवण ठेवणारे कोणी उरणार नाही.

विन्हेरे_कळवा यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. खारघरच्या दादांनी सांगितलेला मांडवीचा पर्याय सासूबाईंना सांगितला. खेडहून मागे यावे लागते हे त्यांना रुचले नाही, पण बसून जाता येईल हे पटले आहे. निवेदन दोन भागांत लिहायला घेतले आहे. फलाटाचा मुद्दा कसा मांडावा, हे कोणी सांगू शकेल का? विन्हेऱ्याला उतरताना पायरी आणि जमीन यांत इतके अंतर असते की सासूबाईंना दोघांनी धरून अक्षरशः खाली उचलून घ्यावे लागते, आणि तोवर गाडी सुटेल की काय याची धास्ती असते.

बेलापूर_सेक्टर११ यांचे उत्तर

ताई, तुम्ही आत्ता लिहिलेत तेच वाक्य जसेच्या तसे निवेदनात घाला. त्याखाली डब्याची शेवटची पायरी आणि फलाट यांतले अंतर टेपने मोजून लिहा, बाजूला माणूस उभा असलेले छायाचित्र जोडा, आणि विन्हेरे व आसपासच्या गावांतून नियमित येणाऱ्या ज्येष्ठ प्रवाशांच्या सह्या घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव सोबत असेल तर उत्तम. संपूर्ण फलाट उंच करायला वेळ लागतो, म्हणून पहिली मागणी फक्त दोन डब्यांपुरता उंच भाग बांधण्याची करा आणि पॅसेंजरचे कोणते डबे तिथे येतात तेही नमूद करा. बेलापूर भवनात प्रत देताना आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्यायला विसरू नका. पुढचा पाठपुरावा त्याच क्रमांकावर करता येतो. कार्यालय माझ्या घराजवळच आहे, तुम्हाला येणे जमले नाही तर प्रत मी नेऊन देईन.