नियम, परवानगी, मनाई: मराठी माध्यमाच्या मुलांना हे इंग्रजी कोणत्या क्रमाने शिकवावं?

कागल_शिकवणी

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीत नुकत्याच लागलेल्या आयटीआयच्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवायचं आहे. मुलं आसपासच्या गावांतली, सगळी मराठी माध्यमाची. शॉप फ्लोअरवरचे फलक वाचता यावेत, वर्क परमिट (धोक्याच्या कामाआधी मिळणारा लेखी परवाना) कळावं आणि बाहेरचा ऑडिटर आला तर दोन वाक्यांत उत्तर देता यावं, एवढी अपेक्षा आहे.

'मस्ट', 'हॅव टू', 'शुड', 'अलाउ', 'परमिट', 'ओबे', 'कम्प्लाय' हे शब्द त्यांना पाठ आहेत. वाक्यात आले की घोटाळा होतो. 'यू डोन्ट हॅव टू ओपन धिस पॅनल' म्हणजे 'पॅनल उघडायचा नाही' असं समजतात. 'सर गेव्ह मी टू गो', 'वी मस्ट कम्प्लाय द रूल' अशी वाक्यं करतात. सुरुवात कुठून करावी आणि जास्त वेळ कशावर घालवावा?

व्याकरण_कट्टा

शब्दांची यादी आधी बाजूला ठेवा आणि मराठी क्रियापदाच्या रूपांपासून सुरुवात करा. सक्ती, सल्ला, मनाई हे सगळं मराठीत क्रियापदाच्या शेवटी येतं, आणि मुलांना ते उत्तम कळतं. त्या रूपांसमोर इंग्रजी मांडायचं.

'करावं लागतं' म्हणजे 'हॅव टू'. 'केलंच पाहिजे' म्हणजे 'मस्ट'. 'करावं', 'करायला हवं' म्हणजे 'शुड'. इथे 'च'कडे लक्ष द्यायला लावा. 'हेल्मेट घातलं पाहिजे' हे बऱ्याचदा सल्ल्यासारखं ऐकू येतं, 'घातलंच पाहिजे' म्हटलं की तो हुकूम होतो. मुलं प्रत्येक 'पाहिजे'ला 'मस्ट' लावतात आणि साहेबालासुद्धा 'यू मस्ट कम' म्हणतात, ते यामुळेच.

'करायचं असतं' हे रूप पुस्तकांत सहसा राहून जातं. त्याला 'बी सपोज्ड टू' अगदी चपखल बसतं. 'इथे गॉगल घालायचा असतो' म्हणजे 'यू आर सपोज्ड टू वेअर गॉगल्स हिअर'. बोलताना ते 'सपोस्टू' असं जोडून ऐकू येतं, म्हणून कानाला सवय लावा, नाहीतर ऐकूनही शब्द ओळखता येत नाही.

खरा गुंता नकारात आहे आणि तुमचा निम्मा वेळ तिथेच जायला हवा. होकारात 'मस्ट' आणि 'हॅव टू' जवळजवळ सारखे असतात. नकारात त्यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात. 'मस्ट नॉट' म्हणजे करायचं नाही, करू नये. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे करावं लागत नाही, केलं नाही तरी चालतं. मुलं इथे अडतात याचं एक कारण मराठीतच आहे. 'पॅनल उघडायला नको' या वाक्याचे दोन अर्थ होतात. 'उघडायला नको, मी मघाशीच बघितलंय' इथे गरज नाही. 'उघडायला नको, आत करंट आहे' इथे मनाई आहे. आपल्याकडचं 'नगं' तसंच. मराठीत हे संदर्भावरून कळतं, इंग्रजीत मात्र क्रियापद आधीच निवडावं लागतं.

म्हणून 'नको' आणि 'नगं' असलेली वाक्यं आधी मराठीतच फोडून घ्या: 'उघडायचा नाही' की 'उघडायची गरज नाही'? मग एकच प्रश्न विचारायचा, केलं तर धोका किंवा शिक्षा आहे का? असेल तर 'मस्ट नॉट'. उदाहरणं भट्टीवरची घ्या. 'यू मस्ट नॉट चार्ज वेट स्क्रॅप' ('चार्ज' म्हणजे भट्टीत माल भरणे, 'स्क्रॅप' म्हणजे भंगार): ओला स्क्रॅप वितळलेल्या धातूत गेला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू बाहेर उसळतो. 'यू डोन्ट हॅव टू चार्ज द फर्नेस, द नेक्स्ट शिफ्ट विल डू इट': हे काम पुढच्या शिफ्टचं आहे, तुम्ही केलं तरी बिघडत नाही. ही दोन वाक्यं शेजारी लिहिली की फरक डोक्यात राहतो.

भूतकाळातही एक फसवी जागा आहे. 'घालावं लागलं' म्हणजे 'हॅड टू वेअर'. 'घालायला हवं होतं' म्हणजे 'शुड हॅव वोर्न', म्हणजेच घातलं नव्हतं. पण 'मस्ट हॅव वोर्न' म्हणजे 'घातलंच असणार', हा नुसता अंदाज आहे, त्यात नियम नाही. अपघाताच्या अहवालात 'ही मस्ट हॅव वोर्न अ हेल्मेट' लिहिलं तर वाचणारा समजतो की हेल्मेट होतं. अहवालच उलटा होतो.

     

फौंड्री_सेफ्टी

वरच्या उत्तराला जोडून, 'अन्टिल' आणि 'अनलेस' विसरू नका. मराठी माध्यमाच्या मुलांची सगळ्यात चिवट चूक तिथे असते, आणि कारखान्यात ती धोक्याची आहे.

आपण म्हणतो, 'जोपर्यंत सुपरवायझर सही करत नाही तोपर्यंत काम सुरू करू नका.' मुलं यातला 'नाही' तसाच उचलतात: 'डू नॉट स्टार्ट अन्टिल द सुपरवायझर डझ नॉट साइन.' इंग्रजीत तो दुसरा नकार नको, 'अन्टिल द सुपरवायझर साइन्स' एवढंच. 'अनलेस'च्या पोटात तर 'नाही' आधीच आहे. 'डू नॉट एन्टर अनलेस यू आर नॉट वेअरिंग अ हेल्मेट' याचा अर्थ हेल्मेट नसेल तरच आत या, असा होतो.

उपाय मराठीतच आहे. वाक्य आधी 'शिवाय' लावून करायला सांगा: 'सही झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही', 'हेल्मेट घातल्याशिवाय आत यायचं नाही'. आता 'घातल्या'मध्ये नकार उरला नाही. तो भाग सरळ 'अनलेस' किंवा 'अन्टिल'पुढे ठेवायचा. आठवडाभर रोज पाच-सहा वाक्यं अशी वळवून घेतली की बसतं.

फलक शिकवताना शब्दाआधी आकार आणि रंग शिकवा. लाल वर्तुळ आणि तिरकी रेघ म्हणजे मनाई, तिथे 'प्रोहिबिटेड', 'नो', 'डू नॉट' हे शब्द येतात. निळं भरीव वर्तुळ म्हणजे सक्ती, तिथे 'मस्ट', 'मॅन्डेटरी', 'वेअर'. पिवळा त्रिकोण हा फक्त इशारा, 'कॉशन' किंवा 'वॉर्निंग'. हिरवा चौकोन म्हणजे सुरक्षित वाट, प्रथमोपचार. चिन्ह ओळखता आलं की फलकावरचा अनोळखी शब्दही अंदाजाने लागतो.

वर्क परमिट तर सबंध धडा आहे. 'परमिट' हे नाम असताना जोर पहिल्या अक्षरावर येतो, क्रियापद असताना 'मिट'वर. 'परमिट' म्हणजे कागद, तो मोजता येतो: 'अ परमिट', 'टू परमिट्स'. 'परमिशन' म्हणजे परवानगी, तिच्याआधी एरवी 'अ' लावत नाहीत. फॉर्मवरचे हे शब्द क्रमाने घ्या: 'इश्यूड बाय' (देणारा), 'रिसीव्ड बाय' (घेणारा), 'व्हॅलिड फ्रॉम' आणि 'व्हॅलिड टू' (वेळ), 'प्रिकॉशन्स' (घ्यायची काळजी). मग परमिटच्या अवस्था. 'एक्स्टेन्डेड' म्हणजे मुदत वाढवली. 'एक्स्पायर्ड' म्हणजे वेळ संपली, काम थांबवायचं. 'सस्पेन्डेड' म्हणजे तात्पुरतं रोखलं, पुन्हा तपासणी झाली की तेच परमिट चालू होऊ शकतं. 'कॅन्सल्ड' म्हणजे रद्द, नवीन परमिट काढावं लागतं. 'क्लोज्ड' म्हणजे काम पुरं होऊन जागा ताब्यात दिली. 'सस्पेन्डेड' आणि 'क्लोज्ड' यांत गफलत झाली तर चालू कामाच्या जागी कोणीतरी करंट सोडू शकतं, म्हणून हे दोन शब्द जोडीने पक्के करा.

कागल_शिकवणी

फार उपयोगी. 'शिवाय'ची युक्ती उद्यापासूनच सुरू करतो. आता 'कम्प्लाय द रूल' आणि 'गेव्ह मी टू गो' यांचं काय? आणि मुलं परवानगी मागायला फार बिचकतात. 'मे आय कम इन सर' याच्या पुढे गाडी जात नाही.

व्याकरण_कट्टा

क्रियापद एकटं शिकवूच नका, मागच्या-पुढच्या शब्दासकट शिकवा. मराठीत 'नियम पाळणे' एकच, इंग्रजीत प्रत्येकाचं शेपूट वेगळं. 'फॉलो द रूल' आणि 'ओबे द रूल' यांत मध्ये काहीच नाही. 'कम्प्लाय विथ', 'अबाइड बाय', 'अधिअर टू', 'कन्फॉर्म टू' यांना त्यांचा जोडशब्द लागतोच. उलट बाजूला 'ब्रेक द रूल' हे बोलण्यातलं आणि 'व्हायोलेट द रूल' कागदावरचं. मुलांच्या तोंडी 'फॉलो' आणि 'ब्रेक' बसले तरी पुरे, बाकीचे वाचून कळले पाहिजेत.

'ओबे' जरा जपून. तो हुकूम, कायदा, सिग्नल, वस्ताद यांच्यासाठी ठीक आहे. तालमीत 'ओबे द कोच' शोभतं. पण हेल्परबद्दल 'ही ओबेज मी' म्हटलं तर मालक-नोकर असा सूर लागतो, तिथे 'ही फॉलोज इन्स्ट्रक्शन्स' म्हणावं. 'तो ऐकत नाही' याला 'ही डझन्ट लिसन' चालतं, 'डझन्ट हिअर' म्हटलं तर बहिरा ठरतो.

'जाऊ देणे' हे 'देणे' शब्दशः नेलं की 'गेव्ह मी टू गो' होतं. इथे दोन साचे आहेत. 'लेट मी गो', यात 'टू' नाही. 'अलाउ मी टू गो', यात 'टू' आहे. 'मला जाऊ दिलं' हे कर्मणीत सांगायचं तर 'लेट' चालत नाही, 'आय वॉज अलाउड टू गो' म्हणायचं. 'करायला लावणे' याचंही तसंच: 'ही मेड मी क्लीन इट', पण 'आय वॉज मेड टू क्लीन इट'. कर्मणीत 'टू' परत येतो, हे फळ्यावर मोठं लिहून ठेवा. मनाईसाठी 'प्रोहिबिट' आणि 'प्रिव्हेन्ट' यांच्यामागे 'फ्रॉम' आणि 'इंग' लागतं: 'प्रोहिबिटेड फ्रॉम स्मोकिंग'. 'फॉरबिड' सहसा 'टू' घेतं.

रंकाळा_इंग्लिश

परवानगी मागण्याबद्दल मी लिहितो. मराठीत आपण 'चालेल का?' म्हणतो, आणि तो फार सभ्य आणि सोपा शब्द आहे. त्याची जागा 'इज इट ओके इफ आय...' घेतं. 'इज इट ओके इफ आय लीव्ह ॲट फाइव्ह?' हा एक साचा तोंडात बसला तर मुलं निम्मी मोकळी होतात. त्याच्या वरची पायरी 'कुड आय', सगळ्यात औपचारिक 'मे आय'. मित्राला 'कॅन आय' पुरे.

उत्तर देताना मात्र 'कुड' नको. 'कुड आय लीव्ह अर्ली?' याला 'येस, यू कॅन' किंवा 'येस, ऑफ कोर्स' म्हणतात, 'येस, यू कुड' नाही. 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' याचं उत्तर उलटं असतं. त्यात 'तुमची हरकत आहे का' असं विचारलंय, म्हणून बसू द्यायचं असेल तर 'नो, गो अहेड'. मुलं सवयीने 'येस' म्हणतात आणि समोरचा उभाच राहतो.

'टेक परमिशन' हे 'परवानगी घेणे'चं भाषांतर. आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण परदेशी ग्राहकाशी बोलताना 'गेट परमिशन' किंवा 'आस्क फॉर परमिशन' म्हणावं. 'सॅंक्शन'ही सांभाळून. आपल्याकडे रजा, कर्ज 'सॅंक्शन' होतं म्हणजे मंजूर होतं, पण बातम्यांत 'सॅंक्शन्स' म्हणजे निर्बंध. परदेशात मेल लिहिताना 'अप्रूव्ह्ड' वापरला की प्रश्न मिटतो.

आणखी एक बारीक गोष्ट: काल एकदाच परवानगी मिळाली असेल तर 'कुड' नको, 'आय वॉज अलाउड टू लीव्ह अर्ली यस्टर्डे'. नकारात 'कुडन्ट' दोन्हीकडे चालतं.

फौंड्री_सेफ्टी

ऑडिटरचं राहिलं. आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या) मानकांत चार शब्दांचे अर्थ ठरलेले आहेत: 'शॅल' म्हणजे आवश्यकता, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे मुभा, 'कॅन' म्हणजे शक्यता किंवा क्षमता. आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक) वाचताना 'शॅल' दिसला की ते करावंच लागतं. तिथे 'शॅल' म्हणजे भविष्यकाळ नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगा, कारण शाळेत 'आय शॅल गो' असंच शिकवलेलं असतं. ते पाळलं नाही तर ऑडिटर 'नॉनकन्फॉर्मिटी' (मानकाची अट पाळलेली नाही) असं लिहितो.

उत्तरांसाठी तीन वाक्यं पुरतात. सक्ती असेल तर 'येस, वी आर रिक्वायर्ड टू डू धिस.' सक्ती नसताना करत असाल तर 'इट इज नॉट मॅन्डेटरी, बट वी डू इट.' अधिकार आपला नसेल तर 'आय ॲम नॉट ऑथराइज्ड टू डू दॅट, माय सुपरवायझर इज.' तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मुलगा गप्प राहिला तर ऑडिटरला वाटतं त्याला प्रक्रिया माहीत नाही, प्रत्यक्षात ते काम त्याचं नसतं.

व्याकरण_कट्टा

क्रम विचारला होता, म्हणून: पहिले दोन आठवडे फक्त नकार, 'मस्ट नॉट' आणि 'डोन्ट हॅव टू'. तिसऱ्यात 'शिवाय' वळवून 'अन्टिल' आणि 'अनलेस'. चौथ्यात 'लेट', 'अलाउ', 'मेक'. मग परवानगी मागणं, दोघांच्या जोड्या करून. 'कम्प्लाय', 'अबाइड', 'शॅल' शेवटी, प्रत्यक्ष परमिटचा कोरा फॉर्म आणि कारखान्यातले फलक समोर ठेवून. रोजच्या तासाला दहा मराठी वाक्यं द्या, त्यांतली किमान सहा नकाराची असू द्या.