तेंदूपत्त्याच्या दिवसांत दोन महिने बंगळुरूला कसं जायचं?

धानोरा_बीएस्सी
मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. लहान भावाला सिकलसेल, म्हणजे जन्मापासूनचा रक्ताचा आजार. त्याचं दुखणं उठलं की रात्रीच गाडीवर मधे बसवून गडचिरोलीला न्यावं लागते. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनात ग्लुटामिक ॲसिड या एका घटकाच्या जागी व्हॅलिन हा दुसरा आला, एवढ्यानं हे होते असं वर्गात शिकले, तेव्हापासून रक्तावरच काम करायचं मनात आहे. विज्ञान अकादमीच्या उन्हाळी फेलोशिपचं वाचलं. पण मे महिन्यात आमच्याकडे तेंदूपत्ता. पहाटे तोडायचा, दुपारी 70-70 पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पत्ता विकत घेतात तिथं, न्यायचे. मी नसले तर आईचे पुडे कमी पडतात. शिफारसपत्र मागितलं तर सर म्हणाले, "ते आयआयटीवाल्यांसाठी असते." आपल्याकडून कोणी गेलं आहे का?

एटापल्लीची_ताई
मी गेले होते. ही फेलोशिप तीन अकादम्या मिळून देतात, बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या. दोन महिने शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, विद्यावेतन, वरून रेल्वेचं भाडं. भाडं मला नंतर मिळालं, म्हणून तिकीट जपून ठेवजो.

माझ्याही घरी तेंदूपत्ता होता. निवड झाल्यावर, ज्यांच्या हाताखाली काम करायचं होतं त्या मॅडमना सरळ ईमेल केला, की वर्षाच्या तेलमिठाचा पैसा आम्हाला मे महिन्यातच मिळतो, मी जूनमध्ये आले तर चालेल का? त्या हो म्हणाल्या.

गेल्यावर सुरुवातीला मायक्रोपिपेट (थेंबाहून कमी द्रव मोजून उचलायचं साधन) धरायलाही भ्यायचे. कॉलेजात कधी पाहिलाच नव्हता. पीएचडी करणाऱ्या एका मुलीनं रंगीत पाणी दिलं आणि दिवसभर तेच उचलायला, सोडायला लावलं. तिसऱ्या दिवशी हात बसला. तेव्हा "मला काही येत नाही" म्हणून अर्ज थांबवू नको.

अर्जात का यायचं ते थोडक्यात लिहावं लागते. तिथं "विज्ञानाची आवड आहे" लिहू नको, भावाची ती रात्र लिही. पत्रासाठी दुसऱ्या शिक्षकांकडे जा, प्रात्यक्षिकाची वही सोबत ने.

सेवाग्राम_एमबीबीएस
कोणी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना सुचवेल. ती 1979 पासून आहे, पण मेडिकल-डेंटलच्या मुलांची; बीएस्सीला चालत नाही. मात्र चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र आहे. एकदा स्वतः जाऊन विचार, भावाचे रिपोर्ट घेऊन.

धानोरा_बीएस्सी
ताई, तो ईमेल इंग्रजीत होता का?

एटापल्लीची_ताई
हो, सहा ओळींचा. आधी मराठीत लिहिला होता. तूही तसाच लिही आणि मला पाठव, आपण दोघी बसून इंग्रजीत करू.