पेठांतून चालताना जुने वाडे कसे पाहावेत?

फिरस्ती (प्रश्न)

नोकरीनिमित्त पुण्यात राहायला आल्यापासून मी सुट्टीच्या दिवशी सकाळी कसबा, शनिवार, नारायण आणि सदाशिव या पेठांतून पायी फिरतो. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, नानावाडा यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते वाचून मी या वास्तू पाहिल्याही आहेत. माझे पाय मात्र बोळांतल्या, कसलीही पाटी नसलेल्या घरांपाशी जास्त रेंगाळतात. काळ्या दगडाचे जोते, त्यावर पातळ विटांची भिंत, रस्त्यावर किंचित झुकलेला लाकडी सज्जा आणि खाली सायकल दुरुस्तीचे नाहीतर वह्या-पुस्तकांचे दुकान, असे घर दिसले की पुढे जाववत नाही. ते सुंदर आहे एवढे डोळ्यांना लगेच समजते, परंतु त्यात नेमके काय पाहावे हे समजत नाही.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आत न जाता, केवळ रस्त्यावरून, घराचा काळ आणि त्यातली कारागिरी ओळखण्याच्या काही खुणा आहेत का? आणि राहत्या घरांकडे असे निरखून पाहताना तिथल्या लोकांना संकोच वाटू नये म्हणून काय पाळावे?

चुनेगच्ची

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण नामांकित वास्तूंची काळजी घेणारे कोणी ना कोणी असते, पण बोळांतल्या वाड्यांकडे मान वर करून पाहणारे फारच थोडे आहेत. मी बांधकामाच्या व्यवसायात होतो आणि अनेक वाड्यांची मोजमापे घेण्याचे काम माझ्याकडे आले, त्या अनुभवावरून सांगतो.

पाहण्याची सुरुवात खालून, म्हणजे जोत्यापासून करावी. घडीव दगड एकमेकांना किती नेटके बसले आहेत यावरून घर बांधणाऱ्याची ऐपत आणि पाथरवटाचा हात दोन्ही दिसतात. त्यानंतर दरवाजा पाहावा. मोठ्या दरवाजात दिंडी, म्हणजे ये-जा करण्यापुरते लहान दार, आहे का, चौकटीच्या वरच्या पट्टीवर कोरलेला गणपती आहे का, चौकटीच्या बाजूंना वेलबुट्टी आहे की ती साधी सोडली आहे, हे सारे रस्त्यावरून दिसते. दरवाजा उघडा असेल तर आतल्या चौकातला एखादा खांबही नजरेस पडतो. खांबाखाली दगडी तळखडा असतो, त्यामुळे लाकूड जमिनीच्या ओलीपासून दूर राहते. दीडदोनशे वर्षांचे सागवान आजही टिकलेले दिसते, त्याचे बरेचसे श्रेय या साध्या दगडाला आहे.

वाड्याचा भार मुख्यतः खांब आणि तुळयांच्या लाकडी सांगाड्यावर असतो आणि विटामातीची भिंत या सांगाड्यात भरलेली असते. म्हणूनच एखाद्या पडक्या वाड्यात भिंत ढासळूनही वरचा मजला तुळयांवर उभा राहिलेला आढळतो. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांचा, आणि घराची सारी आखणी खणांच्या हिशेबाने केलेली असते. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या एका ठरावीक अंतराने येतात त्या याच कारणाने. रस्त्यावर उभे राहून खिडक्या मोजल्या तर दर्शनी भाग किती खणांचा आहे याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो आणि मग त्या दर्शनी भागाची जी लय आपल्याला आवडली होती, तिचे कारणही समजते.

कोरीव काम समजून घ्यायचे असेल तर दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या विश्रामबागवाड्यासमोर पुन्हा एकदा, या वेळी निवांतपणे, उभे राहावे. तिथले सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब, त्यांच्या माथ्यावरच्या महिरपी आणि केळफुलाची घडण एकदा नीट पाहिली की सदाशिव पेठेतल्या एखाद्या लहानशा घराच्या सज्जाखाली तेच केळफूल हाताएवढ्या लाकडात कोरलेले आपोआप ओळखू येते. मला स्वतःला हे लहान केळफूल अधिक मोलाचे वाटते. पेशव्यांच्या वाड्यावर खर्चाला मर्यादा नव्हती. इथे एका सामान्य गृहस्थाने आपल्या आवाक्यातल्या पैशांत, शेजारपाजाऱ्यांखेरीज कोणी पाहणार नाही अशा बोळात, सुताराकडून ते करून घेतले आहे.

काळाविषयी थोडे जपून बोलावे लागते. पेशवाईतले वाडे बहुधा अंतर्मुख असतात. सारा उजेड चौकातून घ्यायचा आणि रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर जवळजवळ कोरी भिंत ठेवायची, अशी त्यांची रीत होती. १८१८ नंतर शहराचे लष्करी वातावरण ओसरले आणि पुढे घरे हळूहळू रस्त्याकडे तोंड करू लागली. मोठ्या खिडक्या, तळमजल्यावर दुकाने, पुढे आलेले सज्जे आणि ओतीव लोखंडाचे नक्षीदार कठडे दिसले तर तो भाग बहुधा इंग्रजी अमदानीतला समजावा. छपरावर सपाट मंगलोरी कौले असतील तर तेवढे छप्पर १८६५ नंतरचे, कारण मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना त्या वर्षी सुरू झाला. त्याखालच्या भिंती मात्र शंभर वर्षांनी जुन्या असू शकतात. संपूर्ण घराला एकच साल चिकटवण्याऐवजी प्रत्येक भागाचा काळ वेगळा पाहिला, तर पिढ्यांनी घरात काय काय बदलत नेले तेही कळू लागते.

माजघर

वरील माहिती उत्तम आहे. माझे बालपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात भाडेकरूंच्या बिऱ्हाडात गेले, त्यामुळे आणखी एका बाजूने लिहावेसे वाटते. ही घरे पाहताना त्यांची पडझडही दिसते आणि पाहणारा पुष्कळदा मालकाला दोष देऊन पुढे जातो. त्यामागचे कारण ठाऊक असावे.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी बहुतांशी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्या काळी भाडेकरूंना संरक्षणाची खरोखर गरज होती आणि आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे त्या संरक्षणामुळेच शहराच्या मध्यभागी राहून शिकू शकली, हे मी कृतज्ञतेने सांगते. परंतु भाडे तेच राहिले आणि सागवान, चुना, गवंड्याची मजुरी यांचे दर मात्र चढत गेले. दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळायची म्हटली तरी वर्षभराच्या भाड्यातून तो खर्च निघेना. नव्या कायद्याने २००० सालापासून दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मुळातली रक्कमच इतकी अल्प होती की त्या वाढीने छप्पर दुरुस्त होणे शक्य नव्हते. त्यात वारसांची संख्या वाढलेली, एकमत होत नाही, आणि मग एके दिवशी विकसकाचा फलक लागतो. आपण ज्या सज्जाकडे कौतुकाने पाहता, त्यामागे अशी अडकलेली कुटुंबे असू शकतात.

नदीकाठच्या भागात जुनी घरे विरळ का, असा प्रश्न आपल्याला चालताना पडला असेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुराचे पाणी शनिवार, नारायण, कसबा या पेठांच्या नदीलगतच्या भागात शिरले. मातीत बांधलेल्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या. तिथल्या अनेक इमारती त्यानंतरच्या आहेत.

बोळातला

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण मी अजूनही अशाच एका वाड्यात राहतो. रस्त्यावर उभे राहून पाहण्यात काहीच गैर नाही आणि आम्हाला त्याचा आनंदच होतो. दिंडी उघडी दिसली तरी विचारल्याशिवाय चौकात पाऊल टाकू नये एवढी विनंती आहे, कारण चौक हा आमच्या घराचाच भाग असतो. तिथे कोणी धुणे वाळत घालत असते, कोणी आजारी माणूस उन्हात बसलेला असतो. छायाचित्र घेण्यापूर्वी समोर दिसेल त्या ज्येष्ठ व्यक्तीला नमस्कार करून विचारावे. बहुतेक वेळा परवानगी तर मिळतेच, शिवाय घराची हकीकतही ऐकायला मिळते. कसब्यात गेलात तर तांबट आळीतून अवश्य चला. तिथे घर आणि कारखाना एकाच छपराखाली असल्याने, ठोक्यांचा आवाज ऐकत ती घरे पाहिली म्हणजे त्यांची रचना अधिक चांगली उलगडते.

फिरस्ती

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक विचारतो. काही ठिकाणी शेजारचा वाडा पाडल्यामुळे उरलेल्या घराची बाजूची भिंत उघडी पडलेली असते आणि तिच्यावर चौकोनी खळगे, निळसर रंगाचे पट्टे आणि तिरप्या रेषा दिसतात. हे काय असावे?

चुनेगच्ची

ती त्या गेलेल्या घराची शेवटची नोंद आहे आणि ती आवर्जून पाहावी. चौकोनी खळगे हे कोनाडे, ज्यांत दिवा, पोथी किंवा औषधाची बाटली ठेवली जाई. ओळीने असलेली लहान भोके दिसली तर तिथे तुळयांची टोके बसवलेली होती, आणि त्यांच्या उंचीवरून प्रत्येक मजला किती ठेंगणा होता हे मोजता येते. तिरपी रेषा जिन्याची. निळसर पट्टा म्हणजे चुन्यात नीळ घालून दिलेला रंग, आणि भिंतीचा एखादा भाग काजळीने काळा झालेला असेल तर तिथे स्वयंपाकघर असण्याचा संभव मोठा. काही ठिकाणी रंगाचे पापुद्रे एकावर एक दिसतात, त्यांचा क्रमही पाहण्यासारखा असतो.

अशी भिंत फार दिवस उघडी राहत नाही, नवी इमारत वर चढली की झाकली जाते. त्यामुळे दिसताच रस्त्यावरून एक संपूर्ण आणि दोन-तीन जवळची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांसोबत पेठ, गल्ली आणि तारीख लिहून ठेवावी. १८४८ साली जिथे मुलींची शाळा भरली तो बुधवार पेठेतला भिडेवाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवला गेला, तेव्हा निदान त्याची छायाचित्रे अनेकांकडे होती. बोळातल्या बिननावाच्या घरांची तेवढीही नोंद नसते. आपण नियमित चालत असाल तर हे काम आपल्याकडून सहज होईल, आणि आपली छायाचित्रे इथे दिलीत तर भागांची नावे आणि काळ लिहिण्यास मी आनंदाने मदत करीन.