टाकी बांधायची, पण कुणाच्या जागेत?
'आयर्लंडचे शेतकरी शेणाच्या टाक्या बांधतात, मग मुंबईच्या तबेलेवाल्यांना काय धाड भरलीय?' हा सवाल वाचला. पण तिकडचं गणित वेगळं आहे. आयर्लंडात हिवाळ्यात शेतावर स्लरी (शेण, मूत आणि पाण्याचा पातळ राबडा) टाकायला बंदी असते, म्हणून विभागानुसार 16 ते 22 आठवड्यांची साठवण लागते. बंदी उठली की माल स्वतःच्याच कुरणात जातो. आपल्याकडे चार महिने पाऊस, आणि कुरण कुठलं? 100 म्हशी धरा. दिवसाला माणशी, म्हणजे म्हैशी, 15 किलो शेण म्हटलं तरी दीड टन. पावसाळ्याचे 180 टन झाले, मूत आणि धुण्याचं पाणी वेगळंच. दहिसरकडच्या तबेल्यांचं हे सगळं गटारातून दहिसर नदीत जातं, हे तिथल्या कुठल्याही रहिवाशाला विचारा.

खर्चाचं म्हणाल तर खरी अडचण जागेची. आरेत गोठे परवान्यावर, जमीन सरकारची. नावावर नसलेल्या जागेवर टाकीसाठी कर्ज कोण देणार? शिवाय 1976च्या कायद्यापासून 'तबेले शहराबाहेर न्या' ही तलवार डोक्यावर आहेच. उद्या उठवणार असतील तर आज सिमेंट कोण ओतेल?

माझ्या मते आधी पाइपाने धुणं कमी करावं. शेण फावड्याने कोरडं उचललं तर साठवायचा पसाराच निम्म्यावर येतो, आणि त्याला फक्त मजुरी लागते. बायोगॅस चार-पाच तबेल्यांनी मिळून केला तर जमेल. दीड टनातून साधारण 60 घनमीटर गॅस निघतो. पण उरलेली स्लरी शेवटी पालघरकडच्या शेतात पोचवायचं टँकरभाडं कोण भरणार, हे आधी ठरवा.