मदत हवी आहे: दुपारी खोली मशीनपेक्षा गरम होतेय, गिनी कोंबडीची अंडी कशी सांभाळू?

नमस्कार मंडळी, यावल तालुक्यातून लिहितोय. गिनी कोंबडीची अंडी मशीनला लावलीत. शेवटचा आठवडा लागतोय आणि नेमकं आताच ऊन पेटलंय.

मशीन म्हणजे थर्माकोलची पेटी, बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट. ३७.५ अंशांवर सेट आहे. रात्री आकडा हलत नाही. दुपारी मात्र पत्र्याची खोलीच ४० च्या वर जाते. बल्ब बंद असतात तरी पेटीत ३९ दाखवतं. झाकण उघडावं तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम!

ओलाव्याचंही तसंच. वाटीभर पाणी ठेवतो, तरी काटा ३५ टक्क्यांपुढे सरकत नाही. मशीनबरोबर आलेला कागद साध्या कोंबडीचा, २१ दिवसांचा. गिनीला २६ ते २८ दिवस लागतात एवढं माहीत आहे. मग अंडी फिरवणं कधी थांबवायचं?

रात्री टॉर्च लावून पाहिलं. गावरान अंड्यात शिरा कशा स्वच्छ दिसतात, इथे तसं नाही. कवच तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं आणि भलतंच जाड. रुंद टोकाला हवेची पोकळी तेवढी उजळ, खाली सगळं काळं. हे काळं म्हणजे पिल्लू धरायचं का?

पेटी जुन्या धाब्याच्या खोलीत नेऊ का? की घरी गावरान कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली देऊ? शेजारचे काका म्हणतात, "मशीन बंद कर, ऊनच उबवील." ऐकणार नाहीये, पण दुपारपुरतं त्यांचं खरं होतंय.

प्रतिसाद १ (धुळे)
भो, आजच धाब्यात ने. अंडी हिंदकळू देऊ नको, बाकी हलवल्याने काही होत नाही. थर्मोस्टॅट फक्त बल्ब चालू-बंद करतो, गार करत नाही, म्हणून आधी खोली गार पाहिजे. खिडकीला ओलं गोणपाट बांध. कूलर असेल तर लाव, पण झोत थेट पेटीवर नको. आपल्याकडची कोरडी हवा इथे कामाला येते, कूलर खोली गार करतो आणि ओलावाही देतो. थोडा वेळ गारवा लागला तर पिल्लू तग धरतं, जास्तीची उष्णता त्याला मारते. लाईट गेली तर पंखा थांबतो, तेव्हा दुपारी पेटीकडे लक्ष ठेव.

वाटी काढून पसरट ताट ठेव. ओलावा पाण्याच्या खोलीवर नाही, पसाऱ्यावर अवलंबून असतो. सध्या ५० ते ५५ टक्के बस. २५ व्या दिवशी फिरवणं बंद आणि ओलावा ६५ ते ७० वर. त्यानंतर झाकण उघडायचं नाही, नाहीतर आतला पडदा वाळून पिल्लाला चिकटतो.

काळं दिसतंय ते बहुतेक पिल्लूच. पोकळीच्या कडेला पेन्सिलने रेघ मार, दोन दिवसांनी पोकळी रेघेखाली सरकलेली दिसेल. एकट्या पोकळीवर मात्र भिस्त ठेवू नको, मेलेल्या अंड्यातली पण वाढते. सावली हलताना दिसली तर पक्कं. वास येणारं किंवा पाझरणारं अंडं लगेच बाहेर काढ.

प्रतिसाद २ (शहादा)
भाऊ, खुडूक खरंच पक्की बसली असेल तर थोडी अंडी अंधार पडल्यावर तिच्याखाली सरकवा. सगळी नको. उकडलं की ती स्वतःच उठून उभी राहते, तेवढी अक्कल आपल्या पेटीला नाही. पिल्लं निघाली की पाण्याच्या ताटलीत खडे टाका, गिनीची पिल्लं एवढ्याशा पाण्यातही बुडतात. आणि खाली पेपर अंथरू नका, पाय घसरून फाकतात. गोणपाट चालेल.