सांगोला म्हणजे काय कुणाचं वतन आहे?

लाल बावटा: काल एका धाग्यावर कुणीतरी लिहून गेलंय, 'अकरा वेळा एकच आमदार? ही लोकशाही नाही, वतनदारी. सांगोल्यानं पन्नास वर्षं फुकट घालवली.' रात्रभर डोक्यात किडा वळवळत होता, म्हणून हा वेगळा धागा. वतनदार कधी पडतो का हो? आपले शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) गणपतआबा देशमुख १९६२ ला आले, १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी पाडलं, तेही १९२ मतांनी. १९९९ ला पुन्हा आबाच. शेकाप राज्यभर आटत गेला, सांगोला हलला नाही. मंत्रिपद १९७८ ला आणि १९९९ ला, बाकी सगळा जन्म विरोधी बाकावर. असलं वतन कुणी घेईल का?

कोरडवाहू: ते वाक्य माझंच. माघार नाही. विरोधी बाक हेच तर दुखणं. बाणेदार आमदार मिरवायची हौस आपली, आणि उसाचे फड डोलले शेजारच्या माळशिरसात. साधे होते, एसटीनं फिरायचे, मान्य. पण त्यानं विहिरीला पाणी लागत नाही.

लाल बावटा: पाण्यावर तर बोलूच नका. आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीला कोण होतं? तेरा दुष्काळी तालुक्यांची मोट बांधली, तेव्हा टेंभू उपसा सिंचन योजनेचं नाव सरकारच्या तोंडी आलं.

कोरडवाहू: तोंडी आलं, शिवारात नाही. माझे वडील परिषदेला भाकरी बांधून जायचे. कॅनॉलचं पाणी न बघताच गेले. तुम्ही सांगा त्यांना मोटेची गोष्ट.

माणगंगाकाठ: तुमी दोघं भांडत बसा. सांगोला तारला डाळिंबानं, कुठल्या आमदारानं न्हाई. माळरानावर खड्डं घेऊन टँकरनं पाणी घालून जगीवल्यात झाडं.

पुण्यात अडकलेला: डाळिंब काय आभाळातून पडलं का? १९९० ला रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली, म्हणून माळावर खड्डे निघाले. सरकारी पैसा होता दादा.

माणगंगाकाठ: खड्ड्याचा पैसा सरकारचा, मान्य. डाळिंबावर तेल्या रोग आला तवा सरकार कुठं हुतं? मागनं मर रोग, आता खोडाला भोकं पाडणारा पिन होल किडा. माझी आठशे झाडं उपटून बांधावर रचली, बायको दोन दिवस जेवली न्हाई. पुण्यात बसून हिशोब सांगू नगा.

पुण्यात अडकलेला: पुण्यात हौसेनं आलो नाही. आमचीही बाग तेल्यानंच गेली, म्हणून इथे गाडी चालवतोय.

माणगंगाकाठ: मग आधी सांगायचं की राव. किती झाडं हुती?

पुण्यात अडकलेला: पाचशे. सगळी भगवा जातीची.

लाल बावटा: अहो, धागा मतदारसंघावर आहे!

कोरडवाहू: मतदारसंघावर या मग. २०१९ ला आबा थांबले. आधी दुसऱ्या कार्यकर्त्याचं नाव जाहीर झालं, मग उमेदवार कोण? नातू अनिकेत. २०२४ ला कोण निवडून आलं? दुसरे नातू बाबासाहेब. आता तरी वतन म्हणू का?

लाल बावटा: २०१९ ला नातू शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी पडला, हे सोयीनं विसरलात. नावावर मतं मिळत असती तर पडला असता? मग पाच वर्षं बापू आमदार, त्यांचं 'काय झाडी, काय डोंगार' ऐकलं तालुक्यानं. कार्यकर्त्याचं तिकीट कापलं ते मलाही खटकलं होतं, एवढं देतो. जास्त मागू नका.

कोरडवाहू: दिलंत तर घ्या. १९९५ ला मी बापूंना मत दिलं होतं. त्या १९२ मधलं एक माझं धरा. निकालानंतर चार दिवसांनी आबा स्टँडवर एसटीची वाट बघत उभे दिसले. मी चहाच्या टपरीमागं लपलो. का, ते आजही सांगता येत नाही. पण वतनदारी हा शब्द मागे घेणार नाही.

लाल बावटा: नका घेऊ. लपलात तेवढं पुरे.

माणगंगाकाठ: त्ये ऱ्हाऊ द्या. पिन होलला कोण काय मारतंय सध्या?